मुलांना घेऊन समुद्रकाठी

मार्गशीर्ष सरत आला, निफाडकडे पहाटेचा पारा एक आकडी होऊ लागला आणि पुण्यातील सकाळच्या शाळांना जाणारी मुले स्वेटरच्या बाह्यांत हात लपवू लागली, की देशावरच्या घराघरांतून नाताळच्या सुट्टीत कोठे जावे याची चर्चा सुरू होते. आणि ज्या घरांत दोन-तीन वर्षांपासून सात-आठ वर्षांपर्यंतची मुले आहेत, त्या घरांतील वडीलधाऱ्यांची पसंती बहुधा कोकणच्या किनाऱ्यावर येऊन स्थिरावते. ही पसंती सर्वस्वी योग्य आहे. परंतु ही सहल हल्ली ज्या रीतीने आखली जाते, ती रीत लहान मुलांच्या प्रकृतीला मानवणारी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चार दिवसांत हरिहरेश्वर, गणपतीपुळे, मालवण आणि जमल्यास गोवा असा बेत ठरवून मुलांना रोज सकाळी मोटारीत कोंबण्यापेक्षा एकच किनारा निवडावा, तेथे एकाच घरी मुक्काम करावा आणि सुट्टी संपेपर्यंत तेथून हलू नये, हे मला आग्रहपूर्वक सांगावयाचे आहे.

थंडीतही किनारा उबदार का राहतो, हे मुलांनाही सहज उमजण्याजोगे आहे. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. समुद्राचे पाणी सावकाश तापते आणि सावकाशच निवते. म्हणून देशावर हुडहुडी भरत असता रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पहाटेचे तापमान बहुधा १८-२० अंशांच्या आसपासच राहते. दापोली शहर डोंगरमाथ्यावर वसलेले असल्यामुळे तेथे डिसेंबरात चांगलीच थंडी असते, आणि तेथून दहा-बारा किलोमीटर उतरून मुरूडला किंवा कर्द्याला आले, की अंगावरची शाल आपोआप खाली येते. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे यांचा क्रम भूगोलाच्या पुस्तकात पाठ करावा लागतो. येथे तो दोन दिवसांत अंगालाच कळतो.

मात्र या उबेपर्यंत पोहोचण्यासाठी घाट उतरावा लागतो. ताम्हिणीने या वा वरंध्याने या, वळणावळणांच्या रस्त्यात निम्म्या मुलांना गाडी लागते, आणि पाच-सहा तासांच्या त्या प्रवासानंतर मलूल झालेले मूल भानावर येण्यास एक रात्र तरी जावी लागते. ते दुसऱ्या सकाळी ताजेतवाने होऊन अंगणात आले, घराच्या मांजराशी त्याची नुकतीच ओळख झाली, की त्याच वेळी सामान बांधून पुढच्या गावी निघण्याचा हुकूम सुटावा, ही त्याच्यावर होणारी जबरदस्तीच होय. मोठ्या माणसाला नव्या ठिकाणाचे अप्रूप असते. लहान मुलाला मात्र कालचीच जागा आज पुन्हा भेटली, तर तिच्यात आनंद वाटतो.

मुरूडच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी काय घडते ते पाहावे. पाणी मागे हटले, की ओल्या वाळूत बोटाच्या टोकाएवढी असंख्य भोके दिसू लागतात आणि प्रत्येक भोकाभोवती मोहरीहून थोड्या मोठ्या, एकसारख्या वळलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी उमटत जाते. नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घेऊन तिच्यातील अन्नकण तेवढे वेचतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. पाऊल वाजले, की सारे क्षणार्धात बिळात नाहीसे होतात. चार वर्षांचे मूल पहिल्या दिवशी त्यांच्यामागे धावते आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही. दुसऱ्या दिवशी ते उकिडवे बसते. तिसऱ्या दिवशी ते इतके निश्चल बसते, की खेकडा त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर बाहेर येऊन आपले काम सुरू करतो. हे निश्चल बसणे कोणी त्याला शिकवलेले नसते. त्यासाठी तिसरा दिवस उजाडावा लागतो, आणि नेमका तोच दिवस आपण त्याच्याकडून काढून घेतो.

समुद्राचे वेळापत्रकही असेच मुक्कामाने कळते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीची वेळ सुमाराने निघते, हा हिशेब किनाऱ्यावरची जुनी माणसे तोंडी करतात. पंचमी असली तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळी दहाच्या आगेमागे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे मंद भरती. तिसरी-चौथीतल्या मुलाला हा हिशेब एकदा सांगावा आणि रोज सकाळी त्याच्याकडूनच वेळ काढून घ्यावी. पाऊणकीच्या पाढ्याचा व्यवहारातला उपयोग त्याला आयुष्यभर विसरता येणार नाही, आणि ओहोटीचे पाणी आत ओढते, म्हणून त्या वेळी पाण्यात उतरायचे नाही, हा नियमही त्याला धाकाने नव्हे तर समजुतीने पटेल.

घरगुती मुक्कामाचे मोल याहून वेगळे आहे. सकाळी घावणे आणि नारळाचा रस, दुपारी लहानग्यांसाठी वेगळा काढलेला मऊ भात, यांची तजवीज यजमानीणबाई न सांगता करतात. घरामागच्या वाडीत पोफळीची विरी गळून पडली, की यजमानांची मुले पाहुण्यांच्या मुलांना तिच्यावर बसवून झावळीच्या टोकाला धरून ओढत नेतात, आणि तासाभरात शहरातली भाषा व गावची भाषा यांतील अंतर मिटून जाते. याच दापोली तालुक्यातील पालगड येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी साने गुरुजींचा जन्म झाला. पाण्याला भिणाऱ्या श्यामला आई विहिरीवर पोहायला धाडते, तो प्रसंग ‘श्यामची आई’ वाचलेल्या प्रत्येकास आठवत असेल. मुलांना जपणे आणि त्यांची भीड चेपणे ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी करावयाची असतात, हे त्या मातेला ठाऊक होते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की नोकरदार माणसास रजा मोजकी मिळते, पैसा कष्टाचा असतो, आणि एवढ्या लांब जाऊन एकच गाव पाहून परतणे परवडत नाही. आक्षेप प्रामाणिक आहे. पण हिशेब मांडून पाहिला तर रोजचे इंधन, रोजचे नवे भाडे आणि वाटेवरच्या उपाहारगृहांचे देणे यांत जो पैसा जातो, त्यात एका घरी दोन दिवस अधिक राहता येते. मुलाबरोबर रिकामा वेळ घालवावा यासाठीच तर आपण रजा काढतो. तो वेळ रस्त्यावर खर्ची पडला, तर रजा घेऊनही ती लाभली नाही असेच म्हणावे लागेल. सुवर्णदुर्ग पाहावा, हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव आणि थंडीत दूरदेशाहून येणारे कुरव पक्षी पाहावेत. ही सारी ठिकाणे मुरूडपासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि एका सकाळीत पाहून जेवणाच्या वेळेस घरी परतता येते.

परंतु पालकांनी आपले कर्तव्य केले तरी किनारा मुलांना निर्धास्तपणे वावरण्याजोगा ठेवणे हे काम सरकारचे व स्थानिक कारभाराचे आहे. २०१६ सालच्या फेब्रुवारीत दुसऱ्या मुरूडच्या, म्हणजे मुरूड-जंजिऱ्याच्या, किनाऱ्यावर पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, ती वार्ता विसरता येण्याजोगी नाही. धडधाकट तरुणांची ही गत झाली, तेथे लहान मुलांची काय कथा! शेजारच्या गोवा सरकारने २००८ पासून आपल्या किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांचा बंदोबस्त केला. आपल्याकडेही गर्दीच्या प्रत्येक पुळणीवर बारमाही जीवरक्षक, भरती-ओहोटीच्या वेळा मराठीत लिहिलेला फलक आणि स्वच्छ शौचालय यांची तरतूद झाली पाहिजे.

त्याचबरोबर वाळूवर मोटारी उतरवण्यास सक्त मनाई हवी, आणि ती कागदावर न राहता अमलात आली पाहिजे. धावत्या मोटारीपासून वाळूत बसलेल्या मुलाच्या जिवाला धोका आहेच. शिवाय नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे याच पुळणींवर अंडी घालतात. वेळासच्या ग्रामस्थांनी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या साह्याने ती घरटी राखून एक आदर्श घालून दिला आहे. २०२५ साली सुवर्णदुर्गाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. यापुढे या भागात येणाऱ्यांची संख्या वाढतच जाणार. ती वाढण्यापूर्वी ही व्यवस्था लागली, तर ती थोड्या खर्चात लागेल.

म्हणून या हिवाळ्यात ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्यांनी ठिकाणांची यादी बाजूला ठेवावी, एका गावी खोली सांगून ठेवावी, आणि निघण्यापूर्वी पंचांगात तिथी तेवढी पाहून घ्यावी. आणि ज्यांच्या हाती या किनाऱ्यांचा कारभार आहे, त्यांनी वाळूतले सर्वांत लहान मूल डोळ्यांसमोर ठेवून आपले नियम करावेत. त्या मुलाला जो किनारा निर्धोक आहे, तो आपणा सर्वांनाच निर्धोक असेल.