विश्लेषण : यादीतून पर्याय निवडला, पण ब्राउजर पोहोचतो कुठे?

संकेतस्थळावर ‘विभाग निवडा’ म्हणणारी यादी निरुपद्रवी दिसते. मात्र तिच्यामागची एक तपासणी राहून गेली, तर सरकारी नावाच्या लिंकवरून नागरिक थेट भामट्यांच्या पानावर पोहोचू शकतो.

निवड केल्यावर काय घडते?
राज्यात सहा महसूल विभाग आहेत. ‘महाभूलेख’वर सातबारा पाहण्यासाठी अनेक वर्षे आधी यादीतून विभाग निवडून त्याच्या पानावर जावे लागत असे. अशा यादीतील निवड सर्व्हरकडे जाते. तेथील प्रोग्राम ती वाचून ब्राउजरला ३०२ किंवा ३०३ हा संकेतांक आणि नवा पत्ता पाठवतो. ब्राउजर काही न विचारता तिकडे वळतो.

धोका कुठे?
काही ठिकाणी यादीतील नावामागे पूर्ण पत्ताच ठेवलेला असतो आणि सर्व्हर मिळेल त्या पत्त्यावर पाठवतो. पडद्यावर सहाच पर्याय दिसत असले, तरी सर्व्हरकडे जाणारी विनंती कोणालाही बदलता येते. भामटा लिंकच्या शेवटी स्वतःचा पत्ता जोडतो. सुरुवातीचे नाव मात्र खरे असते. या त्रुटीला ‘ओपन रीडायरेक्ट’ म्हणतात. ‘ओवॅस्प’ या संस्थेच्या २०१० आणि २०१३ च्या दहा प्रमुख धोक्यांत तिचा समावेश होता.

असे कधी घडले?
ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेत व्हरमाँट राज्याच्या कामगार विभागाच्या संकेतस्थळावरील अशाच त्रुटीचा गैरवापर झाला. सरकारी नावाच्या छोट्या लिंकवर विसंबलेले लोक घरबसल्या कमाईचे आमिष दाखवणाऱ्या बनावट पानावर पोहोचले.

उपाय काय?
यादीतून पत्ता नव्हे, फक्त क्रमांक पाठवावा. कोणत्या क्रमांकाचा कोणता पत्ता, हे सर्व्हरनेच स्वतःच्या तक्त्यात पाहावे. क्रमांक तक्त्यात नसेल, तर मुखपृष्ठावर परत पाठवावे. या दुरुस्तीला नवी यंत्रणा लागत नाही. कोडच्या मोजक्या ओळी पुरतात.

नागरिकांनी काय पाहावे?
लिंकची सुरुवात खरी असणे पुरेसे नाही. पान उघडल्यावर वरचा पत्ता पुन्हा वाचावा आणि मगच ओटीपी किंवा बँकेचा तपशील भरावा. मोबाइलवर पत्ता अर्धाच दिसतो. त्यावर बोट ठेवून तो पूर्ण पाहावा. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तातडीने तक्रार करावी.