जुन्या संगणकाला नवा प्रोसेसर : खर्च नेमका कुठे करावा?

दुकानातील संगणक जुना झाला की त्याची तक्रार एका शब्दात होते : हळू चालतो. बिल काढताना ग्राहक ताटकळतो, जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी पडदा गोठून बसतो, आणि रात्री जेवताना घरात चर्चा सुरू होते. तरुण मंडळी म्हणतात, प्रोसेसर बदलून टाकू. वडीलधारे म्हणतात, इतकी वर्षे चालला, अजून चालेल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र बहुधा एक प्रश्न विचारायचा राहून जातो : संगणक नेमका कशासाठी थांबतो?

व्यापाऱ्याला हा प्रश्न परका नाही. माल वेळेवर पोहोचत नसेल तर दोष गोदामाचा, गाडीचा की माणसांचा, हे पाहिल्यावाचून कोणी नवी गाडी घेत नाही. संगणकातही तीन जागा वेगवेगळ्या आहेत. प्रोसेसर हा हिशेब करणारा मुनीम, रॅम हे त्याच्यापुढचे मेज आणि हार्ड डिस्क हे वह्यांचे कपाट. मेज लहान असेल तर मुनिमाला प्रत्येक वहीसाठी कपाटाकडे खेटे घालावे लागतात. अशा पेढीवर दुप्पट चपळ मुनीम आणून बसवला तरी त्याचा वेळ खेट्यांतच जाणार.

हे तपासण्यास खर्च नाही. विंडोज चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. बिलिंग, टॅली आणि बँकेचे संकेतस्थळ ही रोजची कामे चालू ठेवून त्यातील प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांची टक्केवारी पाहावी. डिस्क शंभरापाशी आणि प्रोसेसर वीस-तीसवर असेल, तर दोष कपाटाचा आहे. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यास फरक लगेच जाणवतो. मेमरी काठोकाठ भरलेली असेल, तर रॅम वाढवावी. चार जीबी रॅमच्या संगणकावर आज ब्राउझर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर एकत्र सुखाने चालत नाहीत. प्रोसेसरच सतत शंभरावर राहत असेल, तरच त्याचा विचार पुढे न्यावा.

येथे दुसरा प्रश्न येतो : बसणार कोणता? प्रोसेसर कुठल्याही मदरबोर्डावर बसत नाही. त्याचा सॉकेट ठरलेला असतो. इंटेलच्या एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि त्यावर २०११ सालचा कोअर आय३-२१०० असलेला संगणक घेऊ. या प्रोसेसरला दोन कोअर आहेत. त्याच एलजीए ११५५ सॉकेटमध्ये २०१२ सालचा चार कोअरचा आय५-३४७० बसू शकतो. मात्र मदरबोर्डाच्या निर्मात्याने त्यासाठी बायोस दिलेले असावे लागते, आणि ते जुन्या प्रोसेसरवर असतानाच अद्ययावत करून घ्यावे लागते. शिवाय हा प्रोसेसर आता बहुतेक वापरलेलाच मिळतो. म्हणजे इतका खटाटोप करून हाती येते ते एका वर्षाने नवे यंत्र.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगाची नाही, सुरक्षिततेची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोयही आवश्यक आहे. एलजीए ११५५ मध्ये बसणारे प्रोसेसर दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे. आठव्या पिढीसाठी मदरबोर्ड वेगळा लागतो, आणि तो बदलला की सहसा डीडीआर३ रॅमही बदलावी लागते. तात्पर्य, अशा संगणकात प्रोसेसरवर केलेला खर्च या रेषेच्या अलीकडेच राहतो.

सगळेच जुने संगणक मात्र या गटात मोडत नाहीत. एएमडीने २०१७ साली रायझन प्रोसेसर एएम४ सॉकेटवर आणले आणि हा सॉकेट पुढे अनेक वर्षे टिकवला. त्या वेळच्या बऱ्याच मदरबोर्डांवर नवे बायोस घालून रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर चालतात. पहिल्या पिढीचा रायझन ५ १४०० विंडोज ११ च्या यादीत नाही. रायझन ५ ५६०० आहे. येथे केवळ प्रोसेसर बदलून संगणक रेषेपलीकडे जाऊ शकतो. सावधगिरी एकच : ५६०० मध्ये अंगचे ग्राफिक्स नाहीत. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर ५६००जी घ्यावा, नाहीतर पडद्यावर काहीच उमटणार नाही.

म्हणून खरेदीपूर्वी तीन आकडे एकाच कागदावर मांडावेत : एसएसडी आणि रॅम यांचा खर्च, प्रोसेसर बदलण्याचा मजुरीसह खर्च, आणि नव्या संगणकाची किंमत. प्रत्येक आकड्यापुढे तो किती वर्षे उपयोगी पडेल हे लिहावे. मगच स्वस्त काय आणि महाग काय हे कळते. एच६१ च्या संगणकात घातलेला एसएसडी पुढे नव्या संगणकातही नेता येतो. त्यात घातलेला प्रोसेसर नेता येत नाही. जुना संगणक बँक आणि इंटरनेटपासून दूर ठेवून लेबल छापणे किंवा मालाची यादी पाहणे एवढ्याच कामाला लावायचा असेल, तर त्याला आहे तसा राहू देणेही शहाणपणाचे ठरते.

निर्णय कोणताही होवो, पेचकस हाती घेण्याआधी हिशेबाच्या दोन प्रती काढाव्यात, त्यांतील एक दुकानाबाहेर ठेवावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का हे पाहावे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. प्रोसेसर बाजारात पुन्हा मिळतो. सहा वर्षांची खातेवही मिळत नाही. जुनी डिस्क काढली तर तीही पुसल्याविना भंगारात देऊ नये, कारण ग्राहकांची नावे, उधारी आणि बँकेचे तपशील तिच्यावरच असतात.

जुने म्हणून टाकणे आणि जुने म्हणून जपणे, या दोन्ही सवयी हिशेब न करता घेतलेले निर्णय आहेत. संगणक कुठे थांबतो, त्यात काय बसते आणि बसवल्यावर तो किती काळ सुरक्षित राहील, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की घरातील चर्चेत वय कोणाचे किती हा मुद्दाच उरत नाही.