पीसीवरचा खेळ संपला, म्हणे!

संगणकावर गेम खेळण्याचे दिवस संपले, हे भाकीत गेली पंचवीस वर्षे नेमाने केले जाते. आधी प्लेस्टेशन पीसीला खाणार होते, मग मोबाईल, मग क्लाउड. गोव्यातल्या डिचोलीच्या बसस्थानकावर कॉलेजची पोरे मोबाईलमध्ये मान खुपसून बीजीएमआय खेळताना दिसली, की आपल्याकडचे जाणतेही हीच री ओढतात.

भारतात बहुसंख्य लोक फोनवरच खेळतात, यात वाद नाही. पण ही पोरे जो गेम खेळतात तो आला कुठून? ब्रेंडन ग्रीन याने ‘आर्मा’ या पीसी गेममध्ये आपल्या मनाजोगते बदल करून एक मॉड रचला. त्यातून उभा राहिलेला पबजी 2017 साली आधी पीसीवर आला, फोनवर 2018 मध्ये उतरला. भारतात 2020 साली फोनवरच्या पबजीवर बंदी आली आणि पुढल्या वर्षी तोच बीजीएमआय होऊन परतला. ‘काउंटर-स्ट्राइक’ हाही 1999 साली दोन हौशी तरुणांनी ‘हाफ-लाइफ’वर बेतलेला मॉड. फोनवर गेम सीलबंद डब्यात येतो. पीसीवर त्याचे पोट उघडता येते. आणि धंदा बुडाला म्हणावे, तर 2003 साली सुरू झालेल्या स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर मार्च 2025 मध्ये एका वेळी चार कोटींहून अधिक लोक जोडलेले होते. प्लेस्टेशनवाली सोनीसुद्धा 2020 पासून आपले मोठे गेम पीसीवर आणू लागली.

क्लाउडवाल्यांना तर गूगलनेच उत्तर दिले. नोव्हेंबर 2019 मध्ये वाजतगाजत आलेले स्टेडिया जानेवारी 2023 मध्ये बंद झाले. लोकांचे पैसे परत मिळाले, गेम मात्र गेले. मिरगाचा पाऊस लागला, पेडण्यात कुठे तारेवर माड पडला, की पीसीही बंद पडतो हे खरे. पण लाईट आली की गेम आपल्याच डिस्कवर असतो, नेट येवो न येवो.

खर्चाचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. 2012 आणि 2018 असे दोनदा खाणी थांबल्याचे चटके सोसलेल्या डिचोली तालुक्यातल्या घराला ग्राफिक्स कार्डची किंमत सांगणे म्हणजे चेष्टाच. पण खेळायला एवढा थाट लागतो, हे सांगितले कोणी? एरिक बॅरोन या एकट्या माणसाने केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ ऑफिसातून काढून टाकलेल्या डेस्कटॉपवरही चालतो. त्यात साधी एसएसडी बसवली की मशीन पुन्हा धावू लागते. पावसाळ्यात दमट हवेने तो सुरू न होता नुसता बीप-बीप करू लागला, तर रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच घासायचे आणि खट्ट आवाज येईपर्यंत परत दाबून बसवायची. बहुतेक वेळा भागते. (आत पालीने संसार थाटला असेल, तर तिलाही निरोप द्यावा.) हे एकदा केलेला मुलगा यंत्राला भीत नाही. फोनच्या बाबतीत ही सोय नाही.

उरला जुगाराचा संशय. मांडवीत कॅसिनोंची जहाजे आणि पेडण्यात धारगळच्या कॅसिनो प्रकल्पाचा वाद, तेव्हा गोव्यात गेमिंग म्हटले की पालकांच्या कपाळाला आठी पडणारच. पण केंद्राच्या 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमना मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. कायद्याला कळलेला फरक पालक-शिक्षक संघालाही कळायला हरकत नाही.

तेव्हा पीसी गेमिंगचे भवितव्य महागड्या कार्डांत किंवा स्पर्धांच्या बक्षिसांत शोधणे चूक आहे. ते गेम रचण्यात आहे आणि त्याची तयारी गोव्यात अर्धीअधिक झालेली आहे. मुख्यमंत्री पर्रीकरांच्या काळात सायबरएज योजनेतून विद्यार्थ्यांच्या घरी संगणक गेले. 2021 पासून केअर्स योजनेतून शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवले जाते. तुयेच्या इलेक्ट्रॉनिक सिटीबद्दल पेडणेकर वर्षानुवर्षे ऐकत आहेत; तिथे यंत्रे बनतील तेव्हा बनतील, गेम बनवायला कारखाना लागत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या चमूने 2020 साली ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवरचा गेम जगभर पोचवला. पेडण्याची पुनव, दशावतारातला संकासुर, शिरगावचे होमखण, नार्व्याचा सप्तकोटेश्वर: एवढा ऐवज असताना इथल्या मुलांनी दुसऱ्यांच्या रणांगणावर नुसत्या गोळ्या झाडत का बसावे?

गोदो हे गेम बनवायचे साधन फुकट मिळते आणि साध्या पीसीवर चालते. पेडणे आणि डिचोलीतल्या शाळांनी आपली संगणक लॅब आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडी ठेवावी, मुलांना तिथे गेम खेळू द्यावेत आणि खेळून झाल्यावर ते मोडून पुन्हा जोडायलाही सांगावे. यंदाच्या शैक्षणिक वर्षात एका शाळेने एवढे केले तरी पुरे.