बाकावरचा शेजारी

ठाण्यातील खोपटच्या एस.टी. आगारात गाडीची प्रतीक्षा करणारा जो प्रवासी मोबाइलवर साऱ्या जगाची खबर ठेवतो, तोच शेजारच्या गृहस्थाला 'कोणत्या गावचे आपण?' एवढेही विचारीत नाही, याचा आम्हांस विषाद वाटतो. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुरू झाली, १९४८ साली एस.टी. आली, आणि नाना जातींची, नाना पेशांची माणसे एका बाकावर बसू लागली; तेथे सोयरिकी जुळल्या, कज्जे-खटल्यांचे सल्ले मिळाले, भांडणेही झाली, पण तीही समोरासमोर. मोबाइलचे यंत्र आपल्याच मताची माणसे वेचून देते; बाकावरचा शेजारी आपण निवडलेला नसतो, आणि त्याचे मोल नेमके तेच. दिवाळीला गावी निघालेल्या वाचकांनी हा अंक वाचून झाल्यावर शेजाऱ्याच्या हाती द्यावा, ही विनंती.