साक्षीची उलटतपासणी

'स्मृतिचित्रे' शिकवताना दरवर्षी एक तास असा येतो की, त्या तासाला आम्ही शिक्षक घड्याळाकडे जरा जास्तच पाहतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या धर्मांतराचा विषय निघालेला असतो. राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत भेटलेला गोरा सहप्रवासी, त्याने दिलेली नव्या कराराची प्रत, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल हे त्याचे भाकीत, ही सारी हकीकत सांगावी लागते. अशाच एका तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे खरं मानायचं का?" मिशनच्या शाळेतून आलेली एक विद्यार्थिनी ताडकन म्हणाली, "श्रद्धेला पुरावा लागत नाही." "मग शिंगणापूरच्या शनीलाही लागत नाही," मुलाने उत्तर दिले. वर्ग हसला. आमच्यातल्या ज्याचा तो तास होता त्याने खडू उचलला आणि फळ्यावर लिहिले : 'लक्ष्मीबाईंच्या विनोदाची वैशिष्ट्ये'.

हा लेख त्या खडूविरुद्ध आहे, म्हणजे आमच्याच विरुद्ध आहे. परंतु केवळ आमच्याविरुद्ध नाही. त्या वर्गात बोलली गेलेली दोन्ही वाक्ये आपल्याकडच्या श्रद्धा-पुरावा वादाची प्रतिनिधी आहेत आणि दोन्ही तितकीच आळशी आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

ज्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात आम्ही शिकवतो तिथे तर हा प्रश्न टाळण्याला काहीच निमित्त नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरात ठाणे मांडले. 'ज्ञानोदय' 1842 साली नगरातच सुरू झाले आणि 1912 पासून 1919 साली मृत्यू येईपर्यंत टिळकांनी त्याच्या मराठी विभागाचे संपादन केले. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. तिथे नवस बोलायला आणि फेडायला नुसते ख्रिस्तीच येत नाहीत. जिल्ह्याच्या एका अंगाला शिर्डी, दुसऱ्या अंगाला शिंगणापूर. चमत्काराच्या वार्तेवर वाढलेली मुले आमच्यासमोर बसतात आणि आम्ही त्यांना विनोदाची वैशिष्ट्ये सांगतो.

पहिल्या वाक्याकडे वळू. 'श्रद्धेला पुरावा लागत नाही' हे वाक्य ख्रिस्ती धर्मशास्त्राचे आहे, असा समज बोलणाऱ्या मुलीचा होता. तो ऐतिहासिकदृष्ट्या चुकीचा आहे. मराठी मुलखात धर्माकडे पुरावा मागण्याची सवय ज्यांनी लावली त्यांत मिशनरी अग्रभागी होते. जॉन विल्सन यांच्याशी मोरभट दांडेकरांचा वाद झाला आणि त्यातून 1831 साली 'श्रीहिंदुधर्मस्थापना' निघाले, तो वाद अवतारांच्या आणि पुराणकथांच्या विश्वसनीयतेचाच होता. 'ज्ञानोदया'ने पुराणांतल्या भूगोल-खगोलाची नव्या शास्त्रांशी गाठ घातली आणि वाचकाला विचारले की, यातले खरे काय? प्रश्न योग्य होता. मात्र तो एकदा शिकवला की विद्यार्थी तो कोणाला विचारील यावर गुरूचा ताबा राहत नाही. 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी तोच प्रश्न पाद्र्यांना विचारला : पुराणातला चमत्कार खोटा आणि बायबलातला खरा, हे कोणत्या मापाने ठरवले? त्या वादांचा वृत्तान्त जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानेच इंग्रजीत छापला, हे त्याच्या सचोटीचे लक्षण मानले पाहिजे.

ख्रिस्ती धर्माचा मूळ दावाही पुराव्यापासून पळणारा नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, असा आशय पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. म्हणजे एका ठिकाणी, एका काळी घडलेल्या घटनेवर त्याने सगळा डाव लावला आहे. थोमा जखमांत बोट घालून पाहू इच्छितो आणि त्याला पाहू दिले जाते. कॅथलिक चर्च आजही संतपद देण्यापूर्वी रोग बरा झाल्याची वैद्यकीय छाननी करते. मदर तेरेसांच्या 2003 सालच्या धन्यघोषणेसाठी बंगालमधल्या एका आदिवासी बाईची गाठ विरघळल्याचा दावा असाच तपासला गेला. तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी श्रेय औषधांना दिले आणि 2016 साली संतपदही दिले गेले. निष्कर्ष कोणाला पटो न पटो, चर्च डॉक्टरांकडे गेले, एवढे निश्चित. जो डॉक्टरांकडे जातो त्याला नंतर 'पुरावा लागत नाही' असे म्हणता येत नाही.

तरीही गरज पडली की तसे म्हटले जाते, ही आमची तक्रार आहे. 2012 साली मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला भागातील वेलंकनी मातेच्या चर्चमधल्या क्रूसावरील ख्रिस्ताच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक ते तीर्थ म्हणून घेऊ लागले. सनल एडमारुकू या विवेकवाद्याने जाऊन पाहिले आणि भिंतीमागच्या तुंबलेल्या सांडपाण्याची ओल केशाकर्षणाने वर चढते आहे, असे दाखवले. चर्चने त्यावर चमत्काराचा शिक्का मारला नव्हता, हे नोंदवले पाहिजे. पण पुढे काय झाले? वाद चित्रवाणीवर गेला आणि कॅथलिक संघटनांच्या तक्रारींवरून एडमारुकू यांच्यावर त्यावेळच्या दंडविधानाच्या कलम 295-अ खाली धार्मिक भावना दुखावल्याची प्रकरणे उभी राहिली. त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. ज्या प्रश्नाचे उत्तर भिंतीमागे डोकावून मिळत होते तो प्रश्न पोलीस ठाण्यात नेला गेला. एकोणिसाव्या शतकात समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर वाद घालणाऱ्या मिशनऱ्यांच्या वारसांनी हे करावे, याचे आम्हांला अधिक वाईट वाटते.

यावर एक नेहमीचे उत्तर येते. आईवर आपण पुरावा मागून विश्वास ठेवतो का? ठेवत नाही, हे खरे. परंतु आईवरचा विश्वास वर्षानुवर्षांच्या अनुभवावर उभा असतो आणि तो मोडूही शकतो, म्हणूनच त्याला किंमत असते. विल्यम क्लिफर्ड याने 1877 साली अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे हे नैतिक पाप ठरवले. विल्यम जेम्सने 1896 साली त्याला उत्तर देताना श्रद्धेची बाजू घेतली. आमचे सश्रद्ध मित्र जेम्सचा हवाला देतात. पण जेम्सची सवलत मर्यादित आहे. पुराव्याने प्रश्न सुटूच शकत नसेल आणि निवड टाळणे शक्य नसेल, तिथेच ती लागू होते. ओल्या भिंतीला ती लागू होत नाही. चंगाई सभेत टाकलेल्या कुबड्यांना आणि सोडून दिलेल्या औषधांना तर मुळीच होत नाही, कारण तिथे चुकीची किंमत रोग्याच्या जिवाने मोजावी लागते. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा तथाकथित चमत्कार दाखवून फसवणे आणि पैसा कमावणे हा गुन्हा ठरवतो. त्यात धर्माधर्मांत भेद नाही. तो व्हावा म्हणून झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. पुरावा मागण्याची किंमत या राज्यात काय असू शकते, हे आपण पाहिले आहे. म्हणूनच या बाबतीत गुळमुळीत बोलणे आम्हांला पटत नाही.

आता दुसरे वाक्य. 'मग शनीलाही लागत नाही' हे चातुर्य आहे, युक्तिवाद नाही. ते बोलणाऱ्याला टिळकांविषयी काही जाणून घ्यायचे नव्हते, वाद जिंकायचा होता. आमच्या नास्तिक मित्रांचे बरेचसे लेखन याच जातीचे आहे. ते भाकीत खोडतात आणि पुस्तक मिटतात. भाकीत खोडणे सोपे आहे. ज्या प्रवाशांना अशी पुस्तके दिली गेली आणि जे ख्रिस्ती झाले नाहीत त्यांची मोजदाद कोणी ठेवली? आणि टिळक तर त्या डब्यात चढण्याआधीच धर्माच्या शोधात वणवण करीत होते. भाकीत म्हणून त्या हकीकतीत फारसा जीव नाही, हे आम्ही वर्गात स्पष्ट सांगायला हवे होते. पण त्यानंतर जे घडले ते भाकिताने घडले नाही. डोंगरावरचे प्रवचन वाचून एका ब्राह्मण कवीचे आयुष्य उलटेपालटे झाले, नातीगोती तुटली, 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्याने बाप्तिस्मा घेतला. हा पुनरुत्थानाचा पुरावा नाही. एका पुस्तकाने एका माणसावर काय केले याचा मात्र तो अस्सल पुरावा आहे. साहित्याच्या शिक्षकाला याहून जवळचा विषय कोणता असेल?

त्याच 1895 साली, जूनमध्ये, आगरकर वारले. परलोकाच्या आधाराशिवाय नीती उभी राहू शकते हे त्यांनी 'सुधारका'त नुसते सांगितले नाही, गरिबीत जगून दाखवले. टिळकांचे जगणे हा ख्रिस्ताच्या देवत्वाचा पुरावा मानायचा, तर आगरकरांचे जगणे ईश्वराच्या अभावाचा पुरावा मानावा लागेल. दोन्ही मानता येत नाहीत. दोन्ही जगणी त्या त्या विचाराने माणूस कसा जगू शकतो एवढेच सिद्ध करतात, आणि तेवढे पुष्कळ आहे.

नगर जिल्ह्यातल्या महार-मांग समाजातून जे ख्रिस्ती झाले त्यांच्याविषयी आमचे सुशिक्षित विवेकवादी 'दुष्काळात धान्यासाठी धर्म बदलला' असे सहज बोलून जातात, तेव्हा त्यांच्या पुराव्याची व्याख्या फारच कोती होते. ज्याला गावच्या पाणवठ्यावर उभे राहू दिले जात नव्हते, त्याच्या पोराच्या हाती कोणी पाटी दिली, तर त्याने त्यावरून काही अनुमान काढले. ते अनुमान देवाविषयी चुकले असेल, गावाविषयी चुकले नाही. लक्ष्मीबाईंचेही तसेच. पतीच्या मागून डोळे मिटून त्या गेल्या नाहीत. काही वर्षे विरोध केला, अंतर राखले, आणि जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा निकाल आधी स्वतःशी लावला. बाप्तिस्मा नंतर आला. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि त्रैक्याच्या सिद्धान्तावरून त्याच इंग्लंडातल्या धर्मभगिनींशी पत्रांतून कडाडून वाद घातला. श्रद्धावंत बाई विचार करीत नाहीत असे समजणाऱ्याने ती पत्रे वाचावीत.

मराठीचे शिक्षक या वादात काही घालू शकत असतील, तर तो एक शब्द आहे : साक्ष. आमच्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती बोलीत उपासनेत उभे राहून आपला अनुभव सांगण्याला 'साक्ष देणे' म्हणतात. कोर्टातही साक्षच देतात. शब्द एकच, पण कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी होते, उपासनेत होत नाही. जोवर माणूस 'मला असे वाटले, मी असा बदललो' म्हणतो, तोवर उलटतपासणीची गरज नाही. आपण ऐकावे, त्याला चांगले वाचक व्हावे. ज्या क्षणी तो 'म्हणून तुझाही रोग बरा होईल' म्हणतो, त्या क्षणी तो उपासनेतून कोर्टात आला. मग त्याने प्रश्नांना उभे राहिले पाहिजे, भावना दुखावल्याची सबब सांगता कामा नये. आणि नास्तिकानेही ओळखले पाहिजे की, उपासनेतल्या प्रत्येक हुंदक्याला जबानी समजून त्यावर तुटून पडणे हा विवेक नव्हे.

ही सीमा नेहमी स्वच्छ असते असे आम्ही म्हणत नाही. हरेगावची यात्रेकरू बाई मुलाच्या दुखण्यातून उठल्याचा नवस फेडते तेव्हा ती कृतज्ञता व्यक्त करते की दावा करते? बहुधा दोन्ही. म्हणूनच तर हे वर्गात बोलले पाहिजे. आमच्या प्रश्नपत्रिकांत 'स्मृतिचित्रे'वर विनोद विचारला जातो, सहजीवन विचारले जाते, शैली विचारली जाते. ज्या घटनेवाचून हे आत्मचरित्र असे झालेच नसते तिच्याविषयी सत्याचा प्रश्न कोणी विचारत नाही. कोणाच्या भावना दुखावतील, हे कारण आम्ही पुढे करतो. पण त्या मुलीला आम्ही तिची श्रद्धा तपासण्याच्या लायकीची मानली नाही, आणि त्या मुलाला त्याचा प्रश्न त्याच्या विनोदापेक्षा मोठा आहे हे सांगितले नाही. दोघांचाही आम्ही अपमान केला.

पुढच्या वर्षी तो तास येईल तेव्हा फळ्यावर दोन प्रश्न लिहायचे आम्ही ठरवले आहे. टिळकांनी जे सांगितले त्यातले काय तपासता येते? आणि जे तपासता येत नाही ते कसे वाचायचे? शनीचा दाखला देणाऱ्याला पहिला प्रश्न शिंगणापूरलाही लावायला सांगू, मिशनच्या शाळेतून आलेल्या मुलीला आगरकर वाचायला देऊ, आणि आम्ही स्वतः घड्याळाकडे पाहणार नाही.