दयाची थप्पड कुणाच्या गालावर?

मावळातल्या आमच्या तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एसीपी प्रद्युम्न पुन्हा फिरू लागला आहे. २१ जानेवारी १९९८ला सुरू झालेली 'सीआयडी' २७ ऑक्टोबर २०१८ला थांबली आणि सहा वर्षांनी, २१ डिसेंबर २०२४ला, सोनीवर परतली. शिवाजी साटमांचा अभिनय आम्हालाही आवडतो. आमचे भांडण टाळ्यांशी आहे.

मालिका परतली त्या आठवड्यात परभणीत काय चालले होते? १० डिसेंबरला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग वस्त्यांत घुसलेले पोलीस. वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. शवविच्छेदन अहवालात कारण आले: अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. मुख्यमंत्री मात्र विधानसभेत म्हणाले, मारहाण झालीच नाही. तपास गेला कुणाकडे? सीआयडीकडेच! खऱ्या सीआयडीकडे, जिचे मुख्यालय आपल्या पुण्यात आहे. लोणावळा लोकलने शिवाजीनगरला उतरा, पुढे पाषाण रस्ता.

पडद्यावरची सीआयडी एक-दोन भागांत खुनी हजर करते. इथे पोलिसांवर साधा गुन्हा नोंदवून घ्यायला सोमनाथच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. ॲड. प्रकाश आंबेडकरांनी बाजू मांडली. ४ जुलै २०२५ला खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितले, तर सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तिथेही हरले. मधल्या एप्रिलमध्ये मालिकेत एसीपी प्रद्युम्नला मारले. वाहिनीने त्या कल्पित माणसाला श्रद्धांजली वाहिली, लोक हळहळले. ती आई तेव्हा न्याय मागत फिरत होती.

आणि ती थप्पड. दया हात उचलतो, संशयित घडाघडा बोलतो, एसीपी फाशीचे भाकीत करून मोकळा होतो. कोर्ट सहसा दिसतच नाही. दिसले असते तर कुणीतरी विचारले असते की पोलिसापुढच्या कबुलीला पुरावा कोण म्हणतो? जुन्या साक्ष कायद्याचे कलम २५ नाही म्हणत होते, नव्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २३ नाही म्हणते. (इंग्रजालाही स्वतःच्या पोलिसाचा भरवसा नव्हता, हे ध्यानात घ्या.) वीस वर्षे घराघरांत थप्पड म्हणजेच तपास असे शिकवले गेले, मग कोठडीतल्या मारहाणीची बातमी आली की 'काहीतरी केले असेल' म्हणणारे शेजारी तयार होणारच.

मालिकेतली थप्पड बंगलेवाल्यालाही बसते. खंडाळा-तुंगार्लीच्या खऱ्या बंगल्यात चोरी झाली तर पहिला संशय कुणावर जातो? माळ्यावर, कामवालीवर, जवळच्या कातकरी वस्तीवर. मालकाच्या पाहुण्याच्या कानाखाली कुणी वाजवल्याचे आम्ही तरी ऐकले नाही. शिवाय पोलिसांचा हात सैल सुटला की काय होते हे मावळाला माहीत आहे. ९ ऑगस्ट २०११ला पवना जलवाहिनीविरोधात द्रुतगती महामार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर बऊरजवळ गोळीबार झाला, तिघे गेले, त्यात एक बाई होती.

मालिका खुशाल बघा. पण डी. के. बसू खटल्याचा १९९६चा निकालही वाचा. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीसह, नातेवाइकाला खबर, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. त्याची मराठी झेरॉक्स काढून प्रत्येक विहाराच्या फलकावर लावा, आणि पोरगं ठाण्यात नेलं की तोच कागद घेऊन दोघे-तिघे लगेच ठाण्यावर जा.

जय भीम!