दर शनिवारी डीफ्रॅग कशाला?

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण विषय आपल्या लॅबच्या सर्व्हरचा आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या फाइल सर्व्हरवर दर शनिवारी रात्री डीफ्रॅग चालतो. कधीपासून? कुणालाच माहीत नाही. का? 'पहिल्यापासून आहे' म्हणून. मेसमध्ये रविवारी संध्याकाळी जेवण नसतं ना, तसंच!

मागच्या सेमिस्टरला माझ्या रूममेटने प्रोजेक्ट रिपोर्टवर चुकून जुनी फाइल कॉपी केली, शनिवारी दुपारी. सोमवारी तिच्या लक्षात आलं. तशी काळजी नव्हती, कारण सर्व्हर रोज शॅडो कॉपी घेतो. उघडून बघितलं तर शुक्रवारची कॉपी गायब! सबमिशनला तीन दिवस होते. बिचारीने रात्री जागून चाळीस पानं परत टाइप केली.

तेव्हा मी जरा वाचून काढलं. एनटीएफएसचा क्लस्टर सहसा ४ केबीचा असतो आणि शॅडो कॉपीचा हिशोब १६ केबीच्या ब्लॉकने चालतो. डीफ्रॅगने डेटा नुसता इकडचा तिकडे केला तरी शॅडो कॉपीला वाटतं, फाइल बदलली. मग ती जुना ब्लॉक साठवत बसते. तिची जागा भरली की सर्वांत जुन्या कॉप्या आपोआप उडतात. म्हणूनच अशा डिस्कला १६ केबी किंवा मोठा क्लस्टर ठेवा, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. आपला ४ केबीचा आहे.

बरं, फायदा तरी किती? ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदात घेते. हेड सरकणं आणि सरासरी अर्धा फेरा धरला तर एका उडीला साधारण १२ मिलिसेकंद. फाइलचे दहा तुकडे असतील तर फरक ०.१२ सेकंद, कळणारसुद्धा नाही. दोन हजार तुकडे असतील तर मात्र २४ सेकंद, तेव्हा डीफ्रॅग करायलाच हवा. म्हणजे प्रश्न वाराचा नाही, तुकड्यांचा आहे. आणि ते मोजता येतात! विंडोजच्या डीफ्रॅगला नुसतं विश्लेषण करायचा ऑप्शन आहे, त्यात काहीच हलत नाही. लिनक्सवाल्यांच्या ईएक्सटी४ साठी ई४डीफ्रॅग स्कोअर देतो. तो ३० पर्यंत असला तर काही करू नका, असं तोच म्हणतो.

एसएसडीला तर हेडच नाही, मग उडी कसली? तिथे फुकट लिहून लिहून फक्त झीज होते.

सर म्हणतात, 'अगं, चाललंय ते चालू दे.' सरांचंही बरोबर आहे, बंद केलं आणि सर्व्हर स्लो झाला तर बोलणी त्यांनाच बसणार. म्हणून बंद करा असं मी म्हणतच नाही. शनिवारी नुसतं विश्लेषण करावं. डीफ्रॅग सुट्टीत, बॅकअप पूर्ण झाल्यावर, आणि तोही आकडा वाढला असेल तरच. सबमिशनच्या महिन्यात तर अजिबात नको. डिस्क काठोकाठ भरली की तुकडे जास्त होतात, तेव्हा हॉस्टेलवाल्यांनो, प्रोजेक्टच्या फोल्डरमधले पिक्चर आधी काढा!

दर शनिवारचा आकडा रजिस्टरमध्ये लिहायला मी आणि माझी रूममेट तयार आहोत. सर, फक्त लॅबची किल्ली तेवढी द्या.